यंत्रकुशल अर्देशीर करसेटजी वाडिया

आमच्या आजरा गांवास आगगाडी नाहीं. हिरण्यकेशीच्या कांठीं वाढलेल्या मुलास रूळ पाहावयाचे म्हणजे कोल्हापूर किंवा बेळगांव गांठावें लागतें, अथवा आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जावें लागतें. आणि तेथें गेल्यावरहि वाफेचें एंजिन दृष्टीस पडत नाहीं. नित्याच्या गाड्यांवरून तें केव्हांच निघून गेलें आहे. असें असूनहि वाफेच्या एंजिनाचें वेड आमच्या मुलांस आहेच. पुठ्ठ्याचा बंब, डब्याच्या पत्र्याचें धुराडें, बुचांची चाकें अशीं एंजिनें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि तीं पाहून आम्हांस नेहमीं आनंद वाटला आहे. परंतु मूल थोडें मोठें झालें कीं त्याच्या मनांत एक शंका उभी राहते. आपलें एंजिन दिसतें तर हुबेहूब, मग तें चालत कां नाहीं?

या शंकेचें उत्तर शोधूं जातां खेळ संपतो व विद्या सुरू होते. खऱ्या एंजिनाच्या सोळाव्या हिश्शानें प्रतिकृति करावयाची असें ठरवावें. आपल्या देशांतील रुंद मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. प्रतिकृतींत तें सुमारें १०५ मिलिमीटर होईल. पण वजन सोळाव्या हिश्शानें उतरणार नाहीं. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही सोळापट कमी झालीं म्हणजे वजन ४०९६ पट कमी होतें. म्हणून ८० टनांच्या एंजिनाची तशाच धातूची प्रतिकृति अवघी २० किलो भरेल. त्यांतील प्रत्येक दांडा, झडप व खिळा तयार विकत न घेतां कोऱ्या धातूंतून घडवावयाचा, आणि शेवटीं वाफ सोडून तें एंजिन चालवून दाखवावयाचें, म्हणजे हाताची, डोळ्यांची व गणिताची एकदम परीक्षा होय. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज सांगत आहों, त्यानें ऐन तारुण्यांत अशीच परीक्षा दिली, आणि तीहि अशा काळीं कीं जेव्हां मुंबईंत आगगाडीचा मागमूसहि नव्हता. त्याचें एंजिन रुळांवर धांवणारें नव्हतें. तें एके जागीं उभें राहून विहिरीचें पाणी ओढीत असे. परंतु बंब, नळकांडें, दट्ट्या व झडप हीं मुख्य अंगें दोहोंत सारखींच असतात.

अर्देशीर करसेटजी वाडिया यांचा जन्म मुंबईस ६ ऑक्टोबर १८०८ रोजीं झाला. वाडिया घराणें जहाजें बांधणारें म्हणून जगप्रसिद्ध होतें. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि तेव्हांपासून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीचें काम याच कुळाच्या हातीं राहिलें. त्यांनीं मलबारच्या सागवानाचीं जीं जहाजें बांधलीं त्यांची बळकटी इंग्लंडच्या आरमारानेंहि मान्य केली. अर्देशीर नऊ वर्षांचे असतां, १८१७ सालीं, मुंबईच्या गोदींतून ट्रिंकोमाली नांवाचें लढाऊ जहाज पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं आजहि जतन करून ठेविलेलें आहे. यावरून त्या सुतारकामाची योग्यता वाचकांच्या ध्यानीं येईल.

अशा घरांत जन्मलेल्या मुलाचा मार्ग जणूं आंखून ठेविलेला होता. १८२२ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, अर्देशीर आपले वडील करसेटजी रुस्तमजी यांच्या हाताखालीं गोदींत काम शिकूं लागले. वाडियांच्या विद्येस तेव्हां कशाचीहि ददात नव्हती. परंतु काळ बदलत होता, आणि तो कोणत्या दिशेनें बदलत आहे हें या मुलानें लौकर ओळखलें.

१८२९ सालीं मुंबईच्या गोदींत ह्यू लिंडसे नांवाची आगबोट बांधण्यांत आली. पुढल्याच वर्षीं ती मुंबईहून निघून तांबड्या समुद्राच्या वाटेनें सुएझ येथें पोंचली. वारा प्रतिकूल असो वा अनुकूल असो, वाफेच्या बळावर जहाज ठरलेल्या मार्गानें जाऊं शकतें, ही गोष्ट मुंबईकरांनीं प्रत्यक्ष पाहिली. तथापि या आगबोटींत एक उणीव होती, आणि ती डोळस माणसास बोंचल्यावांचून राहण्यासारखी नव्हती. तिची लांकडी कुडी वाडियांनीं मुंबईस बांधली होती, पण तींतील एंजिनें इंग्लंडाहून आलीं होतीं. आज कुडी आपली व एंजिन परक्याचें. उद्यां लोखंडाची कुडी आली म्हणजे आपलें काय उरणार? शंभर वर्षांची सुतारकी कितीहि थोर असली तरी एंजिनाची विद्या हातीं नसेल तर वाडियांच्या गोदीस पुढें दिवस कठीण होते. त्या वेळीं अर्देशीर एकवीस वर्षांचे होते. त्यांचें मन लांकडापेक्षां लोखंडाकडे व शिडापेक्षां वाफेकडे ओढ घेत होतें.

त्यांच्या गांठीं पैसा होता. इंग्लंडाहून मोठें एंजिन मागवून त्याभोंवतीं फिरत बसणें त्यांस अशक्य नव्हतें. परंतु त्यांनीं आरंभ केला तो एका लहानशा, एक अश्वशक्तीच्या एंजिनापासून, आणि तें स्वतः घडविण्याचें मनावर घेतलें. राहत्या घरींच पुढें त्यांनीं स्वतःची ओतशाळा उभी केली.

लहानापासून आरंभ करण्याची ही रीत वाफेच्या विद्येंत जुनी व फलदायी आहे. ग्लासगो येथील विद्यापीठांत न्यूकोमेनच्या एंजिनाची एक लहान प्रतिकृति होती. १७६३ च्या सुमारास ती दुरुस्त करण्याचें काम जेम्स वॉट याजकडे आलें. ती प्रतिकृति वाफ फार खात असे व कांहीं फेऱ्यांतच थांबत असे. त्याचें कारण गणितांत होतें. नळकांडें सर्व बाजूंनीं निमपट केलें तर त्याच्या भिंतींचें क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतें, पण आंतील जागा एक अष्टमांश होते. म्हणजे मावणाऱ्या वाफेच्या मानानें थंड भिंत दुप्पट होते आणि वाफ काम करण्यापूर्वींच पाणी होऊन बसते. मोठ्या एंजिनांत जो दोष झांकला जात होता तो लहान प्रतिकृतीनें उघडा केला, आणि त्या दोषाच्या विचारांतूनच वॉटची मोठी सुधारणा निघाली. पुढें वॉटच्याच कारखान्याचा एक कारागीर विल्यम मर्डॉक यानें १७८४ सालीं कॉर्नवॉलमधील रेडरूथ गांवीं वाफेवर चालणाऱ्या गाडीची सुमारें दीड फूट लांबीची प्रतिकृति करून ती चालवून दाखविली. खऱ्या आगगाड्या त्यानंतर कित्येक वर्षांनीं आल्या.

असें लहान एंजिन घडविण्यास काय काय लागतें हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. प्रथम प्रत्येक भागाचा लांकडी नमुना करावयाचा. तो हव्या त्या मापाहून किंचित् मोठा, कारण ओतलेलें लोखंड थंड होतांना एका फुटामागें सुमारें अष्टमांश इंच आंखडतें. तो नमुना ओलसर वाळूंत दाबून सांचा करावयाचा, नमुना हलक्या हातानें काढून घ्यावयाचा व त्या पोकळींत रस ओतावयाचा. वाळूंत पाणी अधिक राहिलें तर ओतकामांत फोड येतात, आणि आठवडाभराचें काम पुन्हां भट्टींत जातें. मग नळकांडें आंतून कांतावयाचें, आणि तें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखेंच गोल उतरलें पाहिजे. दट्ट्या त्यांत सैल झाला तर वाफ निसटते, घट्ट झाला तर अडकतो. त्या काळीं दट्ट्याभोंवतीं चरबींत भिजविलेला ताग गुंडाळून ही फट बुजवीत असत. सरकत्या झडपेची बैठक कानशीनें व खरवडीनें इतकी सपाट करावी लागते कीं दोन पृष्ठें एकमेकांवर ठेविलीं असतां मध्यें कोठेंहि फट राहूं नये. वाफ नळकांड्यांत केव्हां सोडावयाची व केव्हां बाहेर जाऊं द्यावयाची हें सर्व त्या झडपेवर अवलंबून असतें. आणि बंबाचे पत्रे रिव्हिटांनीं असे जोडले पाहिजेत कीं वाफेचा दाब चढला तरी सांधा उघडूं नये. यांतील एकहि काम वाचून येत नाहीं. हात चुकतो, पुन्हां करतो, आणि शिकतो.

१८३३ च्या सुमारास, पंचवीस वर्षांच्या वयांत, अर्देशीर यांचें एक अश्वशक्तीचें एंजिन सिद्ध झालें. तें त्यांनीं विहिरीवर बसविलें, आणि त्यानें ओढलेलें पाणी कारंज्यास पुरविलें. एक अश्वशक्ति म्हणजे किती हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचें फारसें कारण नाहीं, कारण आज आजऱ्याच्या आसपास अनेक मळ्यांतून त्याच शक्तीचे विजेचे पंप पाहावयास मिळतात. एका सेकंदांत सुमारें ७५ किलो वजन एक मीटर उंच उचलणारें बळ तें. दहा मीटर खोल विहिरींतून अशा यंत्रानें, कांहीं वायां गेलें नाहीं असें धरल्यास, एका मिनिटांत ४५० लिटर पाणी वर यावें. प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळ कमी येतें. आज कळ दाबतांच हें घडतें. ज्या काळीं विहिरीवर बैलांची मोट हेंच मोठें साधन होतें, त्या काळीं आग पेटवून पाणी वर चढवितां येतें, आणि तें यंत्र आपल्यांतील एका तरुणानें केलेलें आहे, हें पाहणाऱ्यांस काय वाटलें असेल याची कल्पना करावी.

लहान एंजिन साधल्यावर अर्देशीर मोठ्याकडे वळले. त्यांनीं इंग्लंडाहून दहा अश्वशक्तीचें आगबोटीचें एंजिन मागविलें, त्याकरितां इंडस नांवाची ६० टनांची बोट बांधली, आणि तें एंजिन तींत स्वतः बसविलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तेंच विकतचें एंजिन त्यांनीं पहिल्यांदा मागविलें असतें तर बसवून देण्यास बहुधा बाहेरून माणूस आणावा लागला असता. एक एंजिन मुळापासून घडविल्यामुळें दुसऱ्याचा प्रत्येक भाग त्यांस ओळखीचा होता.

त्यांची जिज्ञासा एंजिनापुरतीच नव्हती. १८३४ सालीं त्यांनीं माझगांव येथील आपल्या बंगल्यांत व बागेंत वायूचे दिवे लाविले. तो प्रकाश पाहण्यास मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः गेले. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले ते १८६५ सालीं. म्हणजे एका घरांत जें तेव्हां सिद्ध झालें तें शहरास मिळावयास आणखी तीस वर्षें लागलीं.

एवढें झाल्यावरहि आपणांस सर्व आलें असें त्यांस वाटलें नाहीं. १८३९ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, आगबोटींच्या यंत्रविद्येचा अभ्यास करण्यासाठीं ते इंग्लंडास गेले. सुएझचा कालवा तेव्हां झालेला नव्हता. सुएझपर्यंत समुद्रानें, तेथून मिसर देशांतून जमिनीनें, आणि पुन्हां समुद्रानें असा तो प्रवास होता. तेथें त्यांनीं सुमारें वर्षभर राहून कारखाने व गोद्या पाहिल्या. या प्रवासाची त्यांची दैनंदिनी १८४० सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध झाली.

इंग्लंडांत असतांनाच त्यांची निवड ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईंतील स्टीम फॅक्टरींत मुख्य इंजिनीअर व यंत्रसामग्रीचे निरीक्षक या जागेवर झाली, आणि १ एप्रिल १८४१ रोजीं त्यांनीं तें काम हातीं घेतलें. या कारखान्यांत देशी कारागिरांबरोबर पुष्कळ युरोपियन इंजिनीअर व बंब घडविणारे कामगार होते, आणि ते सर्व आतां एका हिंदी माणसाच्या हुकुमाखालीं आले. असें पूर्वीं घडलें नव्हतें. मुंबईंतील एका इंग्रजी वृत्तपत्रानें या नेमणुकीविरुद्ध लिहिलें. माणूस कितीहि शिकलेला असो, तो हिंदी आहे एवढ्यावरूनच तो अशा अधिकारास योग्य नाहीं, असा त्या लिहिण्याचा रोख होता.

अशा आक्षेपास वादानें उत्तर देतां येत नाहीं. तें कामानेंच द्यावें लागतें. एंजिनापुढें उभें राहिल्यावर त्याचा दोष ज्यास सांपडतो तो त्या जागीं श्रेष्ठ ठरतो. सांधा गळत असेल तर तो कोणाच्या जातीकडे किंवा वर्णाकडे पाहून गळावयाचा थांबत नाहीं. अर्देशीर यांनीं त्या जागेवर सोळा वर्षांहून अधिक काळ, म्हणजे १८५७ च्या ऑगस्टापर्यंत, काम केलें. त्या वृत्तपत्राच्या शंकेचें निरसन होण्यास एवढें पुरेसें आहे असें आम्ही समजतों.

नेमणूक झाली त्याच वर्षीं, २७ मे १८४१ रोजीं, लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपले फेलो म्हणून निवडलें. विज्ञानाच्या जगांत हा मान फार मोठा समजतात, आणि तो मिळविणारे अर्देशीर हे पहिले हिंदी गृहस्थ होत. त्यांच्यानंतर हा मान मिळालेले दुसरे हिंदी गृहस्थ म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन्. त्यांची निवड १९१८ सालीं झाली. मध्यें सत्त्याहत्तर वर्षें गेलीं. अर्देशीर यांच्या निवडीच्या वेळीं त्यांच्या ज्या कामांचा विचार झाला, त्यांत मुंबईस आणलेला वायूचा दिवा व वाफेचें एंजिन बसविलेली ६० टनांची बोट हीं होतीं. म्हणजे त्या थोर संस्थेचें द्वार त्यांस उघडलें तें मुख्यतः हाताच्या कामानें.

१८४९ सालीं ते अमेरिकेस गेले आणि लांकूड कापण्याचीं यंत्रें घेऊन परतले. शिवणयंत्र व विजेच्या साहाय्यानें धातूचा मुलामा देण्याची कला मुंबईस आणण्याचें श्रेयहि त्यांस दिलें जातें. परंतु त्यांच्या आयुष्यांतील ज्या कामाकडे आमचें मन अधिक ओढतें तें १८५१ चें. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत लवजी फॅमिली नांवाची आगबोट पाण्यांत उतरली. तिचे सर्व भाग अर्देशीर यांच्या घरच्या ओतशाळेंत तयार झाले होते. ह्यू लिंडसेच्या वेळीं जी उणीव होती ती अशा रीतीनें बावीस वर्षांनीं भरून निघाली. बोटीस आपल्या पूर्वजाचें नांव देण्यांत औचित्य होतें, कारण लवजींनीं मुंबईस जहाजें बांधण्याची विद्या आणली, आणि त्यांच्या वंशजानें तींत एंजिनाची भर घातली.

पुढें दोनच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास देशांतील पहिली उतारूंची आगगाडी गेली. तीस चौदा डबे व तीन एंजिनें होतीं, आणि तीं एंजिनें इंग्लंडांत घडविलेलीं होतीं. सर्वस्वीं याच देशांत घडविलेलें पहिलें आगगाडीचें एंजिन अजमीरच्या कारखान्यांतून निघालें तें १८९५ सालीं, आणि चित्तरंजनच्या कारखान्यांत एंजिनें होऊं लागलीं तीं १९५० सालीं. ज्या विद्येचा पाया अर्देशीर यांनीं आपल्या घरच्या विहिरीवर घातला होता ती सर्व देशाच्या हातीं येण्यास इतका दीर्घ काळ लागला. एका माणसाचें कौशल्य एवढ्यावरच थांबलें, त्याच्यामागें शाळा व कारखाने उभे राहिले नाहींत, तर असें होतें, ही गोष्टहि या चरित्रांतून शिकण्यासारखी आहे.

मुंबईच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर १८५८ सालीं ते पुन्हां इंग्लंडास गेले. १८६१ सालीं सिंधु नदींत आगबोटी चालविणाऱ्या कंपनीचे मुख्य इंजिनीअर म्हणून त्यांनीं सिंधमधील कोटरी येथील कारखाना सांभाळला. १८६३ सालीं तें कामहि सोडून ते इंग्लंडांत रिचमंड येथें जाऊन राहिले, आणि तेथेंच १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. १९६९ सालीं भारताच्या टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास वाफेच्या एंजिनाची खरी प्रतिकृति करण्याची हौस असेल तर अर्देशीर यांचा क्रम ध्यानांत ठेवा. पहिलें एंजिन लहान व साधें घ्या. आधीं कागदावर मापें आंखा आणि तीं दोनदां ताडून पाहा. कानस धरण्यास गांवांतील लोहाराकडून किंवा जुळारी कारागिराकडून शिका, व त्यास गुरु म्हणण्यास लाजूं नका. बंबांत वाफ कोंडणें मात्र मुलांनीं एकट्यानें कधींहि करूं नये. कोंडलेली वाफ फुटली तर जीव घेते. प्रथम सायकलच्या पंपाचा वारा नळकांड्यांत सोडून तुमचा दट्ट्या हलतो कीं नाहीं तें पाहा. बंबाचें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, त्याची पाण्याच्या दाबानें परीक्षा घेऊन व सुरक्षा-झडप बसवूनच करावें.

आणि पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें पहिलें ओतकाम बिघडविलें, पत्रा वांकडा कापला, अथवा महिनाभर खपून केलेलें यंत्र हललेंच नाहीं, तर त्यास हंसूं नये, व बाजारांतून तयार एंजिन आणून देऊन त्याची समजूत घालूं नये. न हललेलें यंत्र पुन्हां सोडवून दोष शोधण्यास त्यास वेळ द्यावा, आणि शक्य असल्यास शेजारीं बसावें. माझगांवच्या त्या विहिरीवरील एंजिन पहिल्याच फेरींत चाललें असेल असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.